इंजिनाच्या शिक्क्याचे घड्याळ

आमच्या सोलापूरच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात दादा-दादींचा निकाहनामा, घराचे जुने उतारे, अब्बांचे नोकरीचे कागद आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले एक खिशातले घड्याळ आहे. ते घड्याळ चालत नाही. काच नाही, मिनिटकाटा अर्धा मोडलेला, डायलवर केसासारख्या तीन तडा. मागच्या झाकणावर मात्र धूर सोडणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा उठावदार शिक्का अजूनही बोटाला लागतो.

या घड्याळाचा किस्सा लहानपणापासून आम्ही ऐकत आलो. आमचे पणजोबा जी. आय. पी. रेल्वेत गँगमन होते. एका पावसाळी पहाटे त्यांना रूळ तुटलेला दिसला. त्यांनी डोक्याचा लाल पटका सोडून हलवला आणि मेल थांबवली. गोऱ्या साहेबाने खूश होऊन आपल्या खिशातले घड्याळ काढून त्यांना बक्षीस दिले. पुरावा काय, तर मागचे इंजिन! दर ईदला पाहुणे आले की अब्बा ट्रंक उघडत, घड्याळ हातोहात फिरे आणि किस्सा पुन्हा सांगितला जाई. ज्या घरात कोणी नवाब झाला नाही, जहागीरदार झाला नाही, त्या घराची एवढीच काय ती तवारीख.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न उभा राहिला. त्याच सुमारास धाकट्या भावाला एक बातमी आठवली. महात्मा गांधींचे एक मोडके घड्याळ २०२० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे लिलावात १२ हजार पौंडांना, म्हणजे सुमारे १२ लाख रुपयांना विकले गेले होते. भाऊ म्हणाला, "भाईजान, तेही मोडकंच होतं. आपलं तर साहेबाने दिलेलं आहे. बारा लाख राहू द्या, एक लाख तरी येतील की नाही?" अब्बांनी खूप वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "मुलीच्या शिक्षणासाठी जात असेल तर जाऊ दे."

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. तेव्हा घड्याळाची किंमत ठरवण्याचे काम आमच्याकडे आले. हे काम दोन दिवसांत उरकेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्यासाठी आम्हाला इतिहासाचा एक मोठा धडा नव्याने गिरवावा लागला. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

माणसाने वेळ मोजण्याची खटपट फार पूर्वीपासून केली. आपला 'घड्याळ' हा शब्दच मुळी घटिकेवरून आला. पाण्यात तरंगणारे, बुडाला छिद्र असलेले घटिकापात्र बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. मुसलमानांना तर पाच वक्तांच्या नमाजेमुळे वेळेचे भान ठेवणे भागच होते. इ. स. ८०७ मध्ये खलिफा हारून अल-रशीदकडून फ्रँकांचा राजा शार्लमेन याला पाण्यावर चालणारे घड्याळ भेट गेले. तास झाला की त्यातून पितळी गोळ्या पडून टोले वाजत, अशी नोंद त्या राजाच्या दरबारी बखरीत आहे. पुढे अल-जझरी याने १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात हत्तीच्या घड्याळासह अनेक यंत्रांची रचना चित्रांसह दिली. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या तकीउद्दीनने यांत्रिक घड्याळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

खिशात मावणारे घड्याळ मात्र युरोपचे. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत स्प्रिंगवर चालणारी, अंगावर बाळगता येणारी घड्याळे तयार होऊ लागली. दिवसाला तास-अर्धा तास इकडेतिकडे जाणे हा त्यांचा नेहमीचा दोष. १६७५ साली हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने बॅलन्स चक्राला बारीक हेअरस्प्रिंग जोडली आणि घड्याळ मिनिटांच्या हिशेबात आले. मग हा माल जगभर निघाला. अठराव्या शतकात लंडनचे कारागीर उस्मानी तुर्कांसाठी खास घड्याळे बनवत. डायलवर आपल्या उर्दू अंकांच्या भावंडासारखे तुर्की अंक आणि एकावर एक तीन-चार डब्या. तुर्कांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. मगरीबला बारा वाजत, म्हणून घड्याळ रोज संध्याकाळी लावून घ्यावे लागे. ही पद्धत तिथे १९२६ पर्यंत चालली. हे एवढ्यासाठी सांगितले की घड्याळाच्या डायलवर नुसती वेळ नसते. ते कोणासाठी केले, कुठे विकले, हेही तिथे लिहिलेले असते. वाचता मात्र यायला हवे.

आमचे घड्याळ वाचता येण्यासाठी आम्ही आधी सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि पाच मिनिटांत जे सांगितले, ते आम्ही वहीत उतरवून घेतले. पुढे मुंबईच्या चोर बाजारात जुन्या घड्याळांच्या एका जाणकार व्यापाऱ्याला ते दाखवले. दोघांची तपासण्याची रीत एकच निघाली. वाचकांनाही ती उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देतो.

पहिली गोष्ट धातूची. इंग्लंडच्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप आणि सालाचे अक्षर असते. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्यानंतर ८०० टंचाच्या चांदीवर रानकोंबड्याचा आणि ८७५ टंचाच्या चांदीवर अस्वलाचा छाप मारू लागले. आमच्या डबीवर कोंबडाही नव्हता, अस्वलही नव्हते. ती जर्मन सिल्वरची, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाची निघाली. नावात सिल्वर, पोटात चांदीचा कणही नाही!

दुसरी गोष्ट आतल्या यंत्राची. चांगल्या लिव्हर घड्याळात घासणाऱ्या जागी माणकाचे खडे बसवलेले असतात. खडे जितके, तितके कारागिरीचे काम अधिक. यंत्रावर कारखान्याचे नाव आणि क्रमांक असेल तर साल बहुधा काढता येते. तिसरी गोष्ट, सगळे भाग मूळचे आहेत की नाहीत. एकाची डबी, दुसऱ्याचे यंत्र आणि तिसऱ्याचा डायल जोडलेली घड्याळे बाजारात पुष्कळ फिरतात आणि जाणकार त्यांना फारशी किंमत देत नाहीत. चौथी गोष्ट मोडतोडीची. काच आणि काटे मिळतात. डायलच्या मिन्याला गेलेली तडा भरून येत नाही. बॅलन्सचा स्टाफ तुटला तर तो नवा घडवणारे हात आता थोडे उरले. दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीहून जास्त झाला तर बाजार त्याला सुट्या भागांच्या भावाने मोजतो.

आणि पाचवी गोष्ट, जी या चारही गोष्टींना उलटवू शकते: हे घड्याळ कोणाचे होते आणि ते कशावरून?

गांधीजींचे ते घड्याळ चांदीचा मुलामा दिलेले साधे स्विस घड्याळ होते. तुटलेले होते. पण गांधीजींनी १९४४ मध्ये ते आपल्या एका भक्त सुताराला दिले, त्याने ते जपले, त्याच्या नातवाकडे ते आले आणि नातवाने लिलावाला दिले, ही साखळी त्या घड्याळामागे होती. बारा हजार पौंड त्या साखळीचे. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ रोजी सव्वाआठला थांबलेले खिशातले घड्याळ ठेवले आहे. ते कोणी दुरुस्त करून चालू केले तर? घड्याळ सुरू होईल आणि त्याची सगळी किंमत त्याच क्षणी संपेल. म्हणजे मोडणे हे प्रत्येक वेळी नुकसानच असते असेही नाही. घड्याळ कशाने मोडले, हे पाहावे लागते.

हदीसच्या इल्माची थोडी ओळख असलेल्या वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटेल. हदीसचे दोन भाग: मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. मुहद्दिसांनी हजारो रावींची चरित्रे तपासली. कोण खरा, कोणाची स्मरणशक्ती कच्ची, कोण कोणाला भेटलाच नव्हता, या छाननीतून 'अस्माउर्रिजाल' नावाचे एक शास्त्रच उभे राहिले. साखळी कच्ची असेल तर रिवायत जईफ ठरे, मग ती कितीही गोड असो. आमच्या घरातल्या किश्श्याला त्या पवित्र रिवायतींच्या पंगतीला बसवण्याचा गुन्हा आम्ही करणार नाही. पण पारखण्याची ती शिस्त वापरायला हरकत नसावी. आमच्या किश्श्याची सनद अशी: पणजोबांकडून दादांनी ऐकले, दादांकडून अब्बांनी, अब्बांकडून आम्ही. तिघेही सचोटीची माणसे. तेव्हा सनद आम्हाला भक्कम वाटत होती. मतन तपासायचे राहिले होते.

ते काम भिंगाने केले. घड्याळजींनी आतले झाकण उघडले आणि यंत्रावर कोरलेली इंग्रजी अक्षरे आम्हाला वाचायला लावली: 'सिस्टीम रॉस्कोफ'.

जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ हा जन्माने जर्मन. स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी तो काम करी. त्या काळी खिशातले घड्याळ म्हणजे श्रीमंताची चैन. मजुराला परवडेल असे २० फ्रँकचे मजबूत घड्याळ करायचे, असा ध्यास या माणसाने घेतला. त्याने यंत्रातले मधले चक्र काढून टाकले, स्प्रिंगची डबी मोठी केली, माणकांच्या खड्यांऐवजी पोलादी पिना बसवल्या आणि अवघ्या ५७ भागांत घड्याळ उभे केले. त्याला त्याने नावही 'प्रोलेतेर', म्हणजे कामगाराचे घड्याळ, असे दिले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदा १८८८ पर्यंत नव्हता, त्यामुळे त्याची नक्कल करायला कोणाला आडकाठी नव्हती. 'रॉस्कोफ पद्धतीची' स्वस्त घड्याळे लाखोंच्या संख्येने निघाली आणि जगभरच्या बाजारांत पोचली. आमचे घड्याळ त्यांतलेच एक, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतले.

"मग हे इंजिन?" आम्ही विचारले.

घड्याळजी हसले. म्हणाले, "मास्तर, रेल्वेचं घड्याळ म्हणजे बरोबर चालणारं, असा लोकांचा विश्वास होता. म्हणून कारखानेवाले इंजिन छापत. असली इंजिनं मी आयुष्यात शंभर तरी पाहिली असतील. कंपनीचा माल असता तर कंपनीची अक्षरं असती, नंबर असता. बक्षीस असतं तर झाकणावर नाव आणि तारीख कोरलेली असती."

पुढे चोर बाजारातला व्यापारीही हेच बोलला. त्याने आदबीने चहा पाजला आणि चारशे रुपये सांगितले. तेही आमच्या लांबच्या प्रवासाकडे पाहून, असे तो म्हणाला. वर एक सल्लाही दिला, की हे कोणाला विकाल तर साहेबाची गोष्ट जोडून विकू नका. त्याचे म्हणणे खरे होते. माल विकताना त्यातला ऐब लपवणे आपल्या शरीयतीत नाजायज आहे. ऐब लपवला असेल तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला राहतो, फिकहमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. डायलची तडा हा जसा ऐब, तसा खोटा इतिहास हाही ऐबच. उलट तडा डोळ्यांना दिसते तरी!

सोलापूरला परतताना गाडीत आम्ही ते घड्याळ हातात घेऊन बसलो होतो. एका लाखाचे चारशे झाले, याचे दुःख होतेच. त्याहून मोठी काळजी अब्बांना काय सांगायचे ही होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून त्याच्या आजोबांचे बक्षीस काढून घ्यायचे, ते कोणत्या तोंडाने? गप्प बसावे असेही मनात आले. पण आम्हीच वर्गात मुलांना शिकवतो, की पुरावा आपल्या बाजूचा नसला तरी मांडायचा असतो.

तेवढ्यात मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूकडे लक्ष गेले. तिथे सुईने ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवत, हे आम्हाला सांगितले गेले होते. तीन खुणा इंग्रजीत होत्या. एक आकडा दोघांनाही लागला नव्हता. तो उर्दू अंकांत होता, डबी उलटी धरल्यामुळे ओरखडा वाटत होता. सरळ धरला तर १९३४! इंग्रजी तारखा १९३१, १९३८ आणि १९४६ च्या. पंधरा वर्षांत चार दुरुस्त्या.

आम्ही विचार करू लागलो. बक्षीस मिळालेली वस्तू माणूस फडक्यात बांधून ठेवतो. जी वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्त होते ती रोजच्या वापरातली असते. एका गँगमनला घड्याळ कशाला लागत असेल? रुळावर काम करणाऱ्याला पुढची गाडी केव्हा येणार हे कळले नाही तर जिवावर बेतते. शिवाय तो काळ दोन वेळांचा. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ सुरू झाली, पण लोकांनी ती सहजासहजी मानली नाही. मुंबई शहराने तर आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' महापालिकेच्या घड्याळांत १९५५ पर्यंत जपली. रेल्वेची वेळ एक, सूर्याची दुसरी. नमाजेचा वक्त सूर्याचा, हजेरी रेल्वेच्या घड्याळाची. या दोन वेळांमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात ते घड्याळ होते. ते बंद पडले की तो पदरचे पैसे मोडून दुरुस्त करून घेत होता.

घरी आल्यावर आम्ही अब्बांना सगळे सांगितले. डबी, पिना, रॉस्कोफ, इंजिन, काही लपवले नाही. रूळ तुटल्याची आणि गाडी थांबवल्याची गोष्ट खोटी आहे असे हे घड्याळ म्हणत नाही. ते फक्त एवढेच म्हणते, की मी त्या गोष्टीचा साक्षीदार नाही. हेही आम्ही सांगितले. अब्बा ऐकत राहिले. मग घड्याळ मागून घेतले, चष्मा पुसला आणि झाकणाच्या आतली ती १९३४ ची खूण बराच वेळ पाहिली.

"म्हणजे दादाजींनी हे विकत घेतलं होतं," ते म्हणाले.

"हो अब्बा. बहुतेक स्वतःच्या पैशांनी."

"आणि चार वेळा दुरुस्त केलं. त्या पगारात?"

त्यावर आम्ही काही बोललो नाही. अब्बांनी घड्याळ फडक्यात गुंडाळले आणि म्हणाले, "चारशे रुपयांत नाही द्यायचं." फीसाठी आम्ही शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले. ते अजून फिटते आहे. भाची नर्सिंगचा अभ्यास करते आहे.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला एक गोष्ट जाणवली, ती लिहून लेख संपवतो. आपल्या समाजात इतिहास म्हटले की बादशहा, नवाब, सुभेदार यांची नावे निघतात. घरचा इतिहास सांगतानाही आपल्याला कोणीतरी मोठा माणूस लागतो, निदान बक्षीस देणारा एखादा साहेब तरी. रूळ ठोकणारे, गिरणीत साचे चालवणारे, जहाजावर खलाशी म्हणून गेलेले आपले पणजोबा-खापरपणजोबा स्वतःच्या कमाईने काही घेत होते, जपत होते, वेळेवर कामावर जात होते, हा इतिहास आपल्याला पुरेसा वाटत नाही. आमच्या घरात तो सत्तर-ऐंशी वर्षे साहेबाच्या पटक्याखाली झाकलेला होता.

आपल्याही ट्रंकेत असे एखादे घड्याळ, अडकित्ता, पानदान किंवा जुने पत्र असेल. त्याला घासूनपुसून चमकवू नका, चमकवताना छाप आणि खुणा झिजून जातात. बंद घड्याळाला जोर लावून चावी देऊ नका, आत खोबरेल तेल सोडू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि सर्वांत आधी घरातले वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा: ही वस्तू कोणाची, कोणाकडून आली, हे कोणी सांगितले. जे ठाऊक आहे ते आणि जे नुसते ऐकले आहे ते वेगवेगळे लिहा.

आम्हीही तसा कागद केला आहे. वरच्या भागात घड्याळाची तपासणी, खाली दुरुस्तीची चार साले. सर्वांत शेवटी रुळाचा किस्सा, आणि त्याच्यापुढे कंसात एकच शब्द: जईफ. अब्बांनी तो कागद वाचला, त्या शब्दापाशी थोडे थांबले आणि खाली सही केली. यंदाच्या ईदला ट्रंक उघडली तेव्हा घड्याळाबरोबर तो कागदही हातोहात फिरला.